आधी हात, मग बांगडी

कासाराकडे बांगड्या भरायला बसलं की तो आधी बांगडी दाखवत नाही, हात मागतो. बोटं एकत्र करून पंजा दाबून पाहतो, अंगठ्याच्या बुडाशी हाड किती आत जातं याचा अंदाज घेतो आणि मगच ‘सव्वादोन’ किंवा ‘अडीच’ असं माप सांगतो. आज दुकानात हेच माप ‘दोन-चार’, ‘दोन-आठ’ असं ऐकू येतं. म्हणजे दोन इंच आणि वर चार किंवा आठ सोळांश. रंग, नक्षी, चमकी हे सगळं त्यानंतर. हात न पाहता बांगडी निवडली तर मनगटावर जायच्या आधीच ती तडकणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

मुळशी तालुक्यातल्या कासारसाई गावाचं नाव ऐकलं की मला हा हात दाबणारा कासार आठवतो. गावाजवळ धरण आहे, परिसरात संत तुकाराम साखर कारखाना आहे, हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. धरणाच्या काठावरून पूर्वेकडे फार दूर न जाता हिंजवडी लागते आणि तिथे काचेचं दुसरं रूप दिसतं: मजल्यामागून मजले काचेत मढवलेल्या इमारती. एका टोकाला दोन-तीन मिलिमीटर जाडीची बांगडी, दुसऱ्या टोकाला टनावारी भिंती. या दोन टोकांच्या मधे एक वेगळंच काम बसतं आणि हे प्रकरण त्याविषयी आहे. रुग्णालयाच्या उंच दालनात काचेची भव्य कलाकृती उभी करायची झाली, तर ती करतात कशी?

दवाखान्यात काच कशाला?

आपल्याकडे काचेचं फुटणं तोंडाने उच्चारतही नाहीत. बांगडी ‘फुटली’ म्हणायचं नाही, ‘वाढवली’ म्हणायचं. ज्या वस्तूच्या फुटण्याला आपण दुसरा शब्द शोधून ठेवला, ती वस्तू आजारी माणसांच्या डोक्यावर टांगायची, हा विचारच धाडसाचा. तरीही ती टांगावी असं वाटण्यामागे कारणं आहेत.

पहिलं कारण साधं. काचेला छिद्रं नसतात. ती ओल शोषत नाही, तिला वाळवी लागत नाही, बुरशी धरायला जागा मिळत नाही आणि जंतुनाशकाने पुसली तरी रंग उतरत नाही, कारण तो काचेच्या पोटातच असतो. कापडी पडदा, लाकडी कोरीवकाम किंवा कागदावरचं चित्र याबाबतीत तिच्यापुढे टिकत नाही. शिवाय ती जळत नाही.

दुसरं कारण रुग्णाच्या नजरेचं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 19व्या शतकाच्या मध्यालाच लिहून ठेवलं होतं, की रंग आणि आकारांतली विविधता आजारी माणसाच्या मनालाच नाही, तर शरीरालाही उपयोगी पडते. मोजून पाहण्याचं काम बऱ्याच उशिरा झालं. अमेरिकेतले रॉजर उलरिक यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या 1972 ते 1981 या काळातल्या नोंदी काढल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या त्यांनी 23 जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडं पाहणारे सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंत पाहणारे 8.70 दिवसांत. झाडवाल्यांना जोरदार वेदनाशामकंही कमी लागली. हा निबंध 1984 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला आणि रुग्णालयं बांधणाऱ्यांच्या डोक्यात खिडकीला जागा मिळाली.

झाड म्हणजे काच नव्हे, हे खरं. उलरिकच्या आकड्यांवरून ‘रंगीत काच लावा, रुग्ण लवकर बरा होईल’ असं म्हणणं म्हणजे उसाच्या रसावरून साखरेचा भाव काढणं. पण एक गोष्ट त्यातून पक्की कळते: पलंगावरच्या माणसाला काय दिसतं, याने फरक पडतो.

जेरुसलेमच्या बारा खिडक्या

रुग्णालयासाठी केलेल्या काचकामाचं जगातलं सर्वांत नावाजलेलं उदाहरण जेरुसलेमजवळच्या ऐन केरेम इथल्या हदासा रुग्णालयात आहे. तिथल्या प्रार्थनागृहासाठी चित्रकार मार्क शगाल यांनी बारा खिडक्या केल्या. इस्राएलच्या बारा वंशांसाठी बारा. प्रत्येक खिडकी सुमारे 11 फूट उंच आणि 8 फूट रुंद. निळी, हिरवी, लाल, पिवळी अशी एकेका खिडकीला एकेका रंगाची हुकमत. त्यात प्राणी आहेत, पक्षी आहेत, मासे आणि फुलं आहेत. माणसाची आकृती मात्र नाही. 6 फेब्रुवारी 1962 रोजी त्यांचं लोकार्पण झालं. त्याआधी त्या पॅरिस आणि न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शनात मांडल्या गेल्या होत्या.

नाव शगालचं झालं, पण काच त्यांच्या एकट्याच्या हातची नाही. फ्रान्समधल्या रॅंस शहरातल्या एका पिढीजात काचशाळेत शार्ल मार्क आणि ब्रिजित सिमों या जोडप्याने ती घडवली. जुन्या पद्धतीच्या रंगीत खिडकीत प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा कापतात आणि दोन तुकड्यांमध्ये शिशाची पट्टी घालतात. त्यामुळे रंग बदलला की काळी रेघ आलीच. शार्ल मार्क यांनी काचेवर रंगाचे पातळ थर अशा रीतीने बसवले, की एकाच तुकड्यात दोन-तीन रंग शिशाच्या रेघेशिवाय नांदू लागले. चित्रकाराचा हात त्यामुळे मोकळा सुटला. मोठ्या काचकामात हे नेहमी असंच असतं. स्वप्न एकाचं असतं, पण त्यात हात दहांचे लागतात आणि त्यातल्या एखाद्याने सोडवलेली तांत्रिक अडचणच कलाकृतीचं रूप ठरवते.

1967च्या युद्धात यातल्या चार खिडक्यांना इजा झाली. शगाल यांनी त्या दुरुस्त केल्या, काही भाग नव्याने केले, पण गोळीची खूण कुठेकुठे मुद्दाम तशीच ठेवली. कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल समाजातल्या जुन्या पिढीच्या तोंडी अजूनही मराठी आहे. त्यांच्यापैकी कुणी या रुग्णालयात गेलं, तर त्या काचेकडे पाहून ‘वाढली होती, पण पुन्हा भरली’ असं सहज म्हणेल.

अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये दुसरा मार्ग दिसतो. तिथल्या गोंडा इमारतीत 2001 पासून डेल चिहुली यांची फुंकलेल्या काचेची 13 झुंबरं टांगलेली आहेत. शगालच्या खिडक्या बाहेरच्या सूर्यावर जगतात. चिहुलींची झुंबरं दालनाच्या पोकळीत लटकून आतल्या-बाहेरच्या दोन्ही उजेडांना खेळवतात. आज रुग्णालयासाठी काच करू पाहणाऱ्याला या दोन वाटांपैकी एक धरावी लागते किंवा दोन्ही मिसळाव्या लागतात.

हात पाहणं

आता आपल्या कासाराकडे येऊ. रुग्णालयातला ‘हात’ कोणता? तीन गोष्टी पाहाव्या लागतात: रुग्ण कसा आहे, डॉक्टर कुठे आहे आणि ऊन कुठून येतं.

रुग्ण आडवा असतो. कलादालनातला प्रेक्षक उभा राहून, मागेपुढे होऊन चित्र पाहतो. स्ट्रेचरवरचा माणूस छत पाहतो. दालनात टांगलेली काच पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून डौलदार दिसते, पण तिच्या बरोबर खाली पडलेल्याला तिच्या टोकदार कडा अंगावर येताना दिसत असतील तर ती कलाकृती फसली. म्हणून जाणता कलावंत आराखडा करताना एकदा तरी त्या जागी जमिनीवर पाठ टेकून वर पाहतो. गोल कडा, खाली निमुळती न होणारी रूपं, रक्ताची आठवण देणारा गडद लाल रंग जपून वापरणं, हे निर्णय त्या दोन मिनिटांत होतात. तापाच्या ग्लानीत असलेल्या माणसाला संदिग्ध आकृतीत भलतंसलतं दिसू शकतं. तिथे पान, पाणी, पक्षी अशी ओळखीची रूपं बरी.

डॉक्टरचा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. डॉक्टर रंग वाचतो. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावरची पिवळी झाक म्हणजे कावीळ, ओठांवरची निळी छटा म्हणजे रक्तात प्राणवायू कमी. आता त्या पलंगावर सकाळी नऊ वाजता पिवळ्या काचेतून ऊन पडत असेल, तर कावीळ त्या उजेडात लपेल. निळ्या काचेखाली धडधाकट माणूसही निळसर दिसेल. म्हणून रंगीत उजेड जिथे पडतो तिथे तपासणी होता कामा नये. प्रवेशदालन, जिना, प्रतीक्षेची जागा, प्रार्थनेची खोली इथे रंग मनसोक्त. तपासणीच्या आणि अतिदक्षता विभागाच्या खोलीत काच बिनरंगी किंवा अजिबात नको.

तिसरं ऊन. युरोपातली रंगीत खिडकी जिथे वाढली, तिथला सूर्य खाली असतो. फ्रान्समधल्या शार्त्र्च्या कॅथेड्रलवर 21 डिसेंबरच्या दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम 18 अंश वर येतो आणि दक्षिणेकडची काच दिवसभर पेटती राहते. पुणे साडेअठरा अक्षांशांवर. इथे त्याच दिवशी दुपारचा सूर्य 48 अंशांवर असतो, आणि 21 जूनला तर तो माथ्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणजे त्या दुपारी दक्षिणेच्या उभ्या काचेवर थेट ऊन पडतच नाही. आपल्याकडे काच पेटते ती पूर्वेला सकाळी आणि पश्चिमेला संध्याकाळी. त्यात चार महिने पावसाळा. मुळशीच्या बाजूला आषाढात दिवसदिवस सूर्य दिसत नाही. आभाळ म्हणजे एक मोठं दुधी झाकण. त्या उजेडात गडद निळी काच काळी पडते, फिकट हिरवी आणि मधासारखी पिवळी मात्र जिवंत राहते. परदेशी पुस्तकातली रंगसंगती उचलून इथे लावली तर श्रावण येईपर्यंत ती रुसून बसते.

भट्टी आणि निववणं

हात पाहून झाला. आता काच. रोजच्या काचेत 70 टक्क्यांहून जास्त वाळू, म्हणजे सिलिका असते. नुसती वाळू वितळवायला 1,700 अंश सेल्सिअस लागतात. त्यात सोडा घातला की ते बरंच खाली येतं आणि चुना घातला की काच पाण्यात विरघळत नाही. रंग येतो तो धातूंमुळे: कोबाल्टने निळा, लोहाने हिरवा, मँगेनीजने जांभळा, सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनी माणकासारखा लाल. बांगडीतला आणि कॅथेड्रलमधला निळा एकाच धातूचा.

हे ज्ञान आपल्या परिसराला नवं नाही. कासारसाईहून फार दूर नसलेल्या तळेगाव दाभाड्यात 1908 मध्ये पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला. माणशी वर्षाला एक पैसा, अशा वर्गणीतून देशी उद्योग काढण्याची कल्पना अंताजी दामोदर काळे यांची; तिला लोकमान्य टिळकांनी बळ दिलं आणि ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे काचेचं तंत्र शिकवलं. पुढे 1916 मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी काचकारखाना काढला आणि वडिलांच्या नावाचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोचवला. कंदिलाच्या काचेची कसोटी विचारा: आत ज्योत, बाहेर पावसाची झड, आणि तरी तडकायचं नाही. मोठ्या काचकामाचं सगळं मर्म त्या वीतभर चिमणीत आहे.

मर्म असं. काच तापली की फुगते, निवली की आकसते. तापलेला तुकडा उघड्यावर ठेवला, तर बाहेरचा थर आधी निवून घट्ट होतो. आतला अजून आकसायचा असतो, पण त्याला जागा उरलेली नसते. ओढाताण आत अडकून राहते. काच त्या दिवशी तडकेल किंवा सहा महिन्यांनी, दार जोरात आपटलं म्हणून. यावर उपाय एकच: निववणं. भात निवत ठेवतो तसं नव्हे, तर भट्टीत, मोजून. भट्टीत रंगीत तुकडे एकमेकांत मिसळतात ते सुमारे 800 अंशांना. तिथून काच पाचशेच्या आसपास आणतात, तिच्या पोटातली ओढाताण सैल होईपर्यंत तिथेच रोखतात आणि मग अंशाअंशाने खाली उतरवतात. यालाच इंग्रजीत ॲनीलिंग म्हणतात. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट लागतो, कारण उष्णतेला आतून बाहेर यायचं असतं. अमेरिकेतल्या पालोमार दुर्बिणीचा 200 इंची आरसा 1934 मध्ये ओतला, तो निववायला सुमारे दहा महिने घेतले.

दोन वेगळ्या काचा एकत्र करताना आणखी एक पेच असतो. प्रत्येक काचेचा आकसण्याचा स्वभाव निराळा. काचशाळेत ‘नव्वदची काच’, ‘एकशेचारची काच’ असं बोलतात, ते प्रसरणाच्या आकड्यावरून. पाचशे अंशांवरून खाली येताना नव्वदची मीटरभर पट्टी साडेचार मिलिमीटर आकसते, एकशेचारची 5.2. फरक मिलिमीटरहून कमी, पण या दोघींचं लग्न लावलं तर मोडणारच. म्हणून भंगारातली बाटली आणि खिडकीची काच एकाच भट्टीत वितळवून ‘पुनर्वापराची कलाकृती’ करू म्हणणाऱ्याने आधी लहान नमुने भाजून पाहावेत.

ही अडकलेली ओढाताण डोळ्यांनी पाहता येते. लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करा, समोर काचेचा तुकडा धरा आणि पोलराइज्ड गॉगल थोडा फिरवत त्यातून पाहा. नीट निवलेली काच साधी, एकसारखी दिसते. ओढाताण असेल तिथे इंद्रधनुष्यी डाग उमटतात. काचशाळेत प्रत्येक तुकडा याच युक्तीने तपासून बाहेर पाठवतात. रुग्णालयात जाणाऱ्या काचेची ही वैद्यकीय तपासणीच.

टांगणं

काचेचं वजन तोंडी काढता येतं: एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडी, अडीच किलो. समजा, दालनात 300 काचेची पानं सोडायची आहेत. प्रत्येक 30 बाय 20 सेंटिमीटर, 6 मिलिमीटर जाड. एक पान 900 ग्रॅमचं. सगळी मिळून 270 किलो, वर तारा आणि चौकट. हा भार फॉल्स सीलिंगला मुळीच पेलवत नाही. तो थेट स्लॅबमध्ये किंवा तुळईत पक्क्या केलेल्या बोल्टवर द्यावा लागतो आणि तिथे पाइप, वायरी, ऑक्सिजनच्या नळ्या नाहीत हे आधी बघावं लागतं. म्हणून कलावंताची पहिली भेट चित्रकाराशी नव्हे, तर बांधकाम अभियंत्याशी हवी.

प्रत्येक पानाला दोन ठिकाणी धरतात, म्हणजे एक तार गेली तरी दुसरी सांभाळते. काच आणि धातू एकमेकांना टेकू देत नाहीत. मधे रबर किंवा नायलॉनची चकती लागते, नाहीतर धातूचा कण काचेला ओरखडतो आणि तड तिथूनच सुरू होते.

आणि तरीही काच वाढलीच, तर? इथे टफन आणि लॅमिनेटेड या दोन शब्दांत लोक गल्लत करतात. टफन काच तापवून झटकन गार केलेली असते. ती मजबूत असते, पण फुटली की मक्याच्या दाण्यांसारखे बारीक तुकडे होऊन खाली सांडते. क्वचित तिच्या आत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहून गेला, तर कुणी हात न लावताही फुटते. लॅमिनेटेड काचेत दोन काचांच्या मधे प्लॅस्टिकचा चिवट पापुद्रा असतो. ती तडकली तरी तुकडे त्याला चिकटून जागेवर राहतात. गाडीची समोरची काच तशी असते. डोक्यावरच्या काचेला मजबुतीइतकाच हा चिवटपणा हवा. भट्टीत आकार दिलेली काच सपाट नसल्याने हा पापुद्रा तिच्यावर सहज बसत नाही. मग द्रव रेझिन ओतून तोच परिणाम साधावा लागतो. खर्च वाढतो, पण तो वाचवण्याची ही जागा नव्हे.

शेवटचा विचार धुळीचा. टांगलेल्या वस्तूवर धूळ बसते आणि रुग्णालयात ती नुसती कुरूप नसते, घातक असते. वर्षातून कितीदा, कोण, कोणत्या शिडीवरून पुसणार, हे आराखड्यात लिहिलेलं नसेल तर तीन वर्षांत सगळी पानं राखाडी होतात. मुंबईच्या विद्यापीठातल्या आणि काळा घोड्याच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगमधल्या जुन्या रंगीत काचा स्वाती चांदगडकर यांनी दुरुस्त केल्या, तेव्हा एकेक तुकडा साफ करून, शिसं सावरून पुन्हा बसवावा लागला. काच शंभर-दीडशे वर्षं टिकते, पण आपोआप टिकत नाही. तिची निगा कुणाला तरी राखावी लागते.

रुमालातली काच

रुग्णालयात काच बाहेरूनही येते, रुग्णांच्याच मनगटावर. शस्त्रक्रियेला नेण्याआधी सिस्टर दागिने काढायला सांगतात. अंगठी, मंगळसूत्र निघतं. हिरव्या बांगड्यांपाशी मात्र बाई थबकते. साबण लावून त्या सोडवल्या जातात, नाहीच निघाल्या तर पट्टीने बांधून ठेवतात. कापायची वेळ आली तर कुणीतरी वडीलधारी बाई पटकन म्हणते, “वाढवायच्या, परत भरू.”

त्या बांगड्या रुमालात गुंडाळून जाऊ किंवा बहीण खाली दालनात येऊन बसते. दोन तास, कधी चार. तिच्यासाठीही हे काम असतं. वर टांगलेली पानं संध्याकाळच्या पश्चिमेच्या उन्हात एकेक करून उजळू लागतात. ती ज्या बाकावर बसते तिथून काय दिसतं, किती वाजता दिसतं, डोळ्यांत तिरीप जाते का, हे ज्याने आधी तिथे बसून पाहिलं असेल, त्यालाच ही काच साधलेली असते. तिला ॲनीलिंग ठाऊक नसतं, लॅमिनेशन ठाऊक नसतं आणि असायचं कारणही नाही. मांडीवरचा रुमाल दोन्ही हातांनी सांभाळत ती वर पाहते, आणि ती काच खाली येईल अशी शंकाही तिच्या मनात येत नाही.